ऑटोकरेक्टच्या नोंदी नव्या कॉम्प्युटरवर नेल्या, अर्ध्याच पोचल्या. सल्ला हवाय

खडेबाजारचा_टायपिस्ट
नमस्कार मंडळी. बेळगावात माझं टायपिंग आणि भाषांतराचं छोटं दुकान आहे. जुनी मराठी खरेदीपत्रं, वाटणीपत्रं लोक घेऊन येतात, ती इंग्रजीत करून द्यायची. शिवाय पतसंस्थांची इतिवृत्तं, लग्नपत्रिका, काय येईल ते. बारा वर्षं एकाच कॉम्प्युटरवर काढली, त्यामुळे वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये आठ-नऊशे नोंदी साठल्यात. 'लिदे' मारलं की 'लिहून देणार', 'चसी' मारून स्पेस दिली की 'येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक मिळकत'. पूर्ण शब्द टाइप करायची बोटांना सवयच राहिली नाही.

गेल्या महिन्यात मदरबोर्ड गेला, हार्डडिस्क तेवढी वाचली. एका व्हिडिओत बघून जुन्या डिस्कवरची एमएसओ१०३३ नावाची एसीएल फाइल (ऑटोकरेक्टच्या नोंदी हिच्यात असतात म्हणे) उचलली आणि नव्या कॉम्प्युटरवर त्याच नावाच्या फाइलवर टाकली. इंग्रजी नोंदी आल्या, मराठी एकही नाही. वर पुतणीची बोलणी. ती महिनाभर या नव्या कॉम्प्युटरवर काम करायलीय, तिच्या इंग्रजी नोंदी गायब. तिनं 'बीजीएम'वर शहराचं आत्ताचं 'बेळगावी'चं स्पेलिंग ठेवलं होतं, माझ्या फाइलीत जुन्या दस्तांसाठी २०१४ च्या आधीचं 'बेलगाम'चं आहे. तीन अर्ज जुन्या स्पेलिंगनं छापून गेले. काय करू सांगा की.

निपाणीकर_अण्णा
दादा, तुमच्या मराठी नोंदी कुठं गेलेल्या नाहीत, तुम्ही त्यांची फाइल उचललीच नाही. वर्ड दर भाषेची वेगळी फाइल ठेवतं आणि नावातला आकडा हा त्या भाषेचा नंबर. १०३३ म्हणजे अमेरिकन इंग्रजी, २०५७ ब्रिटिश, १६३९३ भारतीय इंग्रजी. मराठी ११०२, कन्नड १०९९. जुन्या डिस्कवर युजर्स, त्यात तुमच्या नावाचा फोल्डर, मग अ‍ॅपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, ऑफिस असं जावा. अ‍ॅपडेटा लपवलेला असतो, व्ह्यूमध्ये जाऊन हिडन आयटम्सवर टिक करा. परवानगी मागितली तर कंटिन्यू म्हणा. तिथं ११०२ दिसेल.

फाइल टाकायच्या आधी वर्ड, एक्सेल, आउटलुक सगळं बंद पाहिजे. ही यादी सगळ्यांची सामायिक असते. आणि नव्या कॉम्प्युटरवरच्या फाइलीचं आधी नाव बदलून ठेवा, पुसू नका. फाइल फाइलीवर टाकली की जुनी आणि नवी एकत्र होत नाहीत, एक जाते आणि दुसरी राहते. पुतणीचं तेच झालं. रिप्लेस केलेली फाइल रिसायकल बिनमध्येही जात नाही. कुठं बॅकअप नसेल तर तिच्या नोंदी परत टाइप करणं आलं. वाईट वाटतं सांगायला.

चिकोडी_डीटीपी
अण्णांचं बरोबर, पण एवढ्यानं सगळं येणार नाही. श्रीलिपीत, म्हणजे त्या जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये, केलेल्या नोंदी आहेत का तुमच्या? जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधला मजकूर साध्या नोंदीत ठेवला तर फॉन्ट गळून पडतो आणि रोमन अक्षरांची खिचडी उमटते. म्हणून तो 'फॉरमॅटेड टेक्स्ट' करून ठेवतात. तसल्या नोंदी एसीएलमध्ये नसतातच, त्या नॉर्मल टेम्प्लेटमध्ये, म्हणजे वर्डच्या नव्या कागदाच्या साच्यात, असतात. साध्या नोंदीला २५५ अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे अख्ख्या परिच्छेदाच्या नोंदीही तिकडंच सापडतील. अ‍ॅपडेटाखाली मायक्रोसॉफ्टमध्येच टेम्प्लेट्स फोल्डर आहे, त्यातली नॉर्मल डॉटएम.

ती फाइल टाकली की नव्या कॉम्प्युटरवरच्या स्टाइल आणि मॅक्रो बदलतात, पुतणीला आधीच सांगा. फॉन्टही तिथं बसवलेला पाहिजे.

टिळकवाडीचा_कीबोर्ड
मी तर म्हणेन वर्डच्या भानगडीत पडूच नका. एस्पान्सो टाका, लघुरूप मारलं की पूर्ण मजकूर उमटवणारं वेगळं सॉफ्टवेअर. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडं चालतं आणि नोंदी साध्या टेक्स्ट फाइलीत राहतात. ती फाइल पेनड्राइव्हवर नेली की झालं. ब्राउझरमध्ये सरकारी फॉर्म भरतानाही चालतं, वर्डचं ऑटोकरेक्ट तिथं उपयोगी नाही. ऑटोहॉटकी हाही तसलाच पर्याय आहे, पण त्याच्या जुन्या आवृत्तीत मराठी ठेवायचं तर फाइल सेव्ह करताना एन्कोडिंगमध्ये 'यूटीएफ-८ बीओएमसह' निवडावं लागतं, नाहीतर कचरा उमटतो. यात माझा एक अख्खा रविवार गेलाय.

निपाणीकर_अण्णा
एस्पान्सो चांगलंच आहे, पण आठशे नोंदी आधी बाहेर तर काढायला हव्यात. त्यासाठी वर्डमध्येच चार-पाच ओळींचा मॅक्रो, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहायचा. ऑटोकरेक्टच्या एंट्रीजमधून एकेक घ्यायची आणि तिचं नेम, व्हॅल्यू कोऱ्या कागदावर ओतायचं. दोन रकान्यांचं टेबल होतं. ते हाताशी असलं की कुठल्याही कॉम्प्युटरवर उलट मॅक्रोनं भरता येतं, आणि पुतणीच्या नोंदी न घालवता तुमच्या त्यात मिसळता येतात.

खानापूर_पावसाळी
वर्डऐवजी लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांसाठी: तिथंही भाषेगणिक फाइल असते, युजर प्रोफाइलमधल्या ऑटोकॉर फोल्डरमध्ये. एक्स्टेंशन डॅट असलं तरी आत झिपच आहे, उघडून एक्सएमएल वाचता येतं.

खडेबाजारचा_टायपिस्ट
सगळ्यांचे आभार. ११०२ सापडली, टाकली. तरी 'लिदे' मारलं की 'लिदे'च. डोकं फिरायची वेळ आलीय.

चिकोडी_डीटीपी
कर्सर मराठी मजकुरात ठेवून ऑटोकरेक्टची खिडकी उघडा. वरच्या पट्टीवर भाषेचं नाव लिहिलेलं असतं, तेवढं वाचून सांगा.

खडेबाजारचा_टायपिस्ट
हिंदी लिहिलंय! कॉम्प्युटर देणाऱ्यानं हिंदी कीबोर्ड टाकून दिलाय. अक्षरं तीच उमटत होती, म्हणून शंका कशी येणार.

चिकोडी_डीटीपी
झालं मग. वर्ड तुमचा मजकूर हिंदी समजून १०८१ ची फाइल बघायलंय. विंडोजच्या भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी घाला, मराठी कीबोर्ड निवडा, मग नवीन कागदावर टाइप करून बघा.

खडेबाजारचा_टायपिस्ट
जमलं! 'चसी' मारलं आणि चतुःसीमा उमटली. श्रीलिपीतले लग्नपत्रिकेचे मायनेही नॉर्मल फाइलीतून आले, फॉन्ट बसवल्यावर. मॅक्रो अण्णांनी सांगितला तसा चालवला, बावीस पानांचं टेबल झालं. त्यात 'चतुःसिमा' अशी चुकीची नोंदही सापडली. किती दस्तांत ती गेली असेल, देव जाणे.

पुतणी दोन दिवस बोलली नाही. तिच्या शंभरेक नोंदी मी बसून टाइप करून दिल्या. 'बीजीएम' आता तिचं, जुन्या दस्तांसाठी मी 'ओबीजी' केलंय. बोटं अजून चुकतात.