अनुभव धागा: शाळेच्या तासांतून बालनाट्य-नृत्यवर्गाकडे

शाळेतली नोकरी सोडून किंवा निवृत्तीनंतर मुलांचे नाट्य, नृत्य, कथाकथनाचे वर्ग चालवणाऱ्यांनी इथे लिहावं. शाळा का सोडली हे सगळ्यांना ठाऊक आहे: वह्या, ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची कामं. त्यापेक्षा आठवडा कसा बसवला, पैसे कसे जमतात आणि घोडं नेमकं कुठे पेंड खातं, ते सांगा.

डोंबिवली, बालनाट्य

आठवड्यातून दोनच दिवस, लागोपाठचे ठेवा. पाच दिवस रोज एकेक तास घेतला की पाचही संध्याकाळी जातात आणि कमाई तेवढीच राहते. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना 5 ते 6:15, दहा ते चौदाच्यांना 6:30 ते 8. मधली 15 मिनिटं पालकांशी बोलण्यासाठी. ती वेळापत्रकातच धरली नाहीत तर पालक रात्री साडेनऊला फोन करतात.

एका गटात 16 पर्यंत मुलं. त्यापुढे प्रत्येकाची पाळी यायला इतका वेळ लागतो की मागची मुलं भिंतीपाशी मारामारी सुरू करतात. मोठ्यांच्या 90 मिनिटांची माझी वाटणी: 10 मिनिटं गोलातला खेळ, 15 आवाज आणि उच्चार («काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले» आधी सावकाश, मग कुजबुजत, मग शेवटच्या भिंतीपर्यंत पोचेल असं), 30 उत्स्फूर्त प्रवेश, 25 संहिता, 10 आवराआवर. आवराआवर मुलांनीच करायची. नाहीतर खुर्च्या तुम्ही लावता आणि घरी पोचायला नऊ वाजतात.

शिकवण्याचे तास आठवड्याला साधारण साडेपाच दिसतात. तयारी, हॉल उघडणं-झाडणं, फीचा हिशेब आणि पालकांचे निरोप धरले की बारा-तेरा होतात. शाळेच्या मानाने कमीच, पण «सहा तासांचं काम» म्हणून कुणी यात पडू नये.

सातारा, निवृत्त मुख्याध्यापक

आधी कायद्याचं. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 28 नुसार नोकरीतल्या शिक्षकाने खाजगी शिकवणी किंवा खाजगी अध्यापन करायचं नाही. नाटकाचा वर्ग म्हणजे शिकवणी नव्हे, हा युक्तिवाद चहाच्या टपरीवर चालतो. बायकोच्या नावावर वर्ग काढून स्वतः शिकवणं तर नकोच. एक तक्रार अर्ज आला की चौकशी लागते आणि निवृत्तिवेतनाच्या तोंडावर ती परवडत नाही. खाजगी शाळेतल्या कायम शिक्षकाला राजीनाम्यासाठी तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. जूनमध्ये वर्ग सुरू करायचा असेल तर फेब्रुवारीअखेर कागद हलवा.

मोजकेच कर्मचारी असतील तर महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने-आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना पुरते. राहत्या फ्लॅटमध्ये वर्ग असेल तर सोसायटीची लेखी संमती घ्या. तोंडी «हो» फक्त खालच्या मजल्यावरच्या काकांची झोप मोडेपर्यंत टिकतं.

पुणे, कथक

खालच्या मजल्यावरून आठवलं. फरशीखाली काँक्रीट असतं, त्यावर रोज तत्कार (तालावर पाय आपटण्याचा सराव) केला की मुलांच्या नडग्या दुखतात आणि आवाज थेट खाली जातो. फोमच्या चटयांवर 12 मिलिमीटरचं प्लायवूड टाकलं की दोन्ही बरंच कमी होतं. फोम वर नको, पाय रुततो आणि मुरगळतो. लहानांना सुरुवातीला एका पायाला 25 ते 50 घुंगरू पुरतात. शंभराचा हट्ट आयांचा असतो. घुंगरू सुती दोरीत ओवलेले घ्या, पट्ट्यावरचे निसटतात आणि अर्धा तास शोधाशोधीत जातो.

गट वयावर नाही, परीक्षेच्या पातळीवर पाडा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या पहिल्या दोन परीक्षांची, म्हणजे प्रारंभिक आणि प्रवेशिका प्रथमची, मुलं एकत्र बसवली की एकाला ताल हातावर मोजायला शिकवताना दुसरा कंटाळतो. परीक्षेआधीचे सहा आठवडे नवं काही घ्यायचं नाही. दहावीच्या वाढीव गुणांसाठी नववीत एकदम दाखल होणाऱ्यांना मी नाही म्हणते. दोन वर्षांचं काम सहा महिन्यांत मागतात आणि जादा तास तुमच्या रविवारातून जातात.

नाशिक, नाट्य आणि कथाकथन

पैशाचं स्पष्ट बोलू. समजा 30 मुलं, महिना 1,200 रुपये: 36,000. हॉल महिन्याला 24 तास, तासाला 400: 9,600. मदतनीस 5,000. किरकोळ 2,000. हातात 19,400, तेही वर्षातले दहाच महिने. अनुदानित शाळेतला पूर्ण पगार सोडून एवढ्यावर संसार चालत नाही. विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्याला मात्र हा हिशेब पटतो. उन्हाळी शिबिर ही भर: दहा दिवस, सकाळी 9 ते 11:30.

फी तीन महिन्यांची आगाऊ. बुडालेल्या तासाची भरपाई एका मुलासाठी वेगळी नाही. गणपती, दिवाळी आणि शाळांच्या परीक्षांचे बंद आठवडे जूनमध्येच छापून द्या.

मडगाव, नाट्य

संध्याकाळी 5 ते 8 ही वेळ आपली स्वतःची मुलं घरी असण्याची. डोंबिवलीकरांची रीत ज्यांची मुलं मोठी आहेत त्यांना ठीक. लहान मुलांच्या आयांनी शनिवार-रविवार सकाळी 9 ते 12 घ्यावं. सगळ्या संध्याकाळी मोकळ्या राहतात. लग्नकार्यं बुडतात, ते सोसायचं.

आणि ओरडू नका. वर्गात खंजिरी ठेवा: एक थाप म्हणजे जागीच थांबा, दोन म्हणजे गोलात या. शाळेत बसलेला घसा इथेही बसला तर मिळवलं काय?

ठाणे, बालनाट्य

सगळा समतोल जातो तो वार्षिक प्रयोगापायी. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं, नाट्यगृहाच्या तारखा मिळत नाहीत आणि तालमीला निम्मी मुलं गैरहजर. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा बरा. दर बारा आठवड्यांनी त्याच हॉलमध्ये 20 मिनिटांचा खुला वर्ग घेतला तर पालकांचं निम्मं समाधान तिथेच होतं.

प्रयोग करायचाच असेल तर 25 मिनिटांची संहिता, आठ आठवडे, प्रत्येकाला निदान चार वाक्यं, प्रत्येक मोठ्या भूमिकेला पर्यायी मूल. लेखकाची लेखी परवानगी आणि संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आधी, तारीख नंतर. सगळ्यांना काळा टीशर्ट आणि लेगिंग, वरून फक्त शेपटी, मुंडासं, ओढणी. प्रत्येकाची नाव लिहिलेली कापडी पिशवी. कॉलर माइक टाळा: मुलं मिठी मारतात, घामाने टेप सुटतो, पुढचं अर्धं नाटक खरखरत ऐकावं लागतं. मंचाच्या पुढच्या कडेला तीन माइक आणि पाठ वळवून न बोलायची सवय पुरते. विंगेत आठ मुलांमागे एक मोठं माणूस. बाकी पालक प्रेक्षागृहात, मेकअप बघायलाही आत नाहीत.