फिन: पर, कान की कंगोरा?

वाळूजकर: आयटीआयहून येणाऱ्या पोरांसाठी आमच्या स्टील फॅब्रिकेशनच्या शॉपमधले शब्द मराठीत लिहून काढतोय. गसेट, क्लीट तसेच ठेवले, ते सगळ्यांना कळतात. अडलो फिन प्लेटपाशी, म्हणजे कॉलमला (उभ्या खांबाला) वेल्ड केलेली आणि बीम बोल्टने जोडायची ती पट्टी. फिन म्हणजे शाळेत शिकलो तो माशाचा पर, म्हणून 'परपट्टी' लिहिलं. आमचा फिटर हसायला लागला. म्हणाला, "साहेब, हा कान आहे. कॉलमला कान लावायचा अन् बीम त्याला अडकवायचा."

जालनेकर: फिटरचंच घ्या. कढईला कान, घमेल्याला कान, तसा हा कॉलमचा. शॉपमध्येच पट्टी उभी धरून दोन्ही अंगांनी फिलेट वेल्ड (कोपऱ्यात भरायचा वेल्ड) मारायचा. साइटवर बीमचा वेब (मधला उभा पत्रा) तिला टेकवला, बोल्ट घातले, झालं. एम २० चे (२० मिमी व्यासाचे) ८.८ ग्रेडचे बोल्ट, २२ मिमीची भोकं आणि १० मिमीची पट्टी हा नेहमीचा मेळ.
पोरांना एक मात्र सांगा. पट्टी जाड म्हणजे जोड पक्का, असं इथे नसतं. हा जोड शिअर, म्हणजे बीमचा खाली येणारा भार, घ्यायला असतो. लोड आल्यावर बीमचं टोक किंचित फिरणार हे धरलेलंच आहे. पट्टी पातळ असली तर भोकं जरा लांबट होतात आणि ते फिरणं जिरतं. जाड असली तर ते बोल्टच्या आणि वेल्डच्या जिवावर येतं. म्हणून जाडी बोल्टच्या व्यासाच्या निम्म्यापर्यंतच. अमेरिकेत हिलाच शिअर टॅब म्हणतात. टॅब म्हणजे तरी कानच की.

परभणीकर: आणि विजेच्या मोटारीच्या अंगावर असतात त्या फिनलाही कानच म्हणायचं का? मोटारीला चाळीस कान!
आमच्याकडे जिनिंगला (कापसातली सरकी काढतात तिथे) सगळे 'कंगोरे' म्हणतात. मागचा पंखा हवा फेकतो, ती कंगोऱ्यांमधल्या खाचांतून पुढे सरकते आणि अंगाची उष्णता घेऊन जाते. मागच्या हंगामात ऑपरेटर दोनदा येऊन म्हणाला, "मोटार लई तापायलीय." मी पट्टा बघितला, बेअरिंग बघितलं, अँपिअर बघितले. खाचांकडे लक्षच नाही. तिथे रुईची तूस आणि धूळ दाबून बसली होती. नखाने उचलली तर घोंगडीच्या तुकड्यासारखी अख्खी निघून आली. तोवर वाइंडिंग गेलं होतं. मोटार भरून आणेपर्यंत दोन दिवस कापसाच्या गाड्या दारात.

वाळूजकर: मी त्यांना 'पाती' म्हणणार होतो.

परभणीकर: नका. पाती पंख्याची. "पाती साफ कर" म्हणालात तर पोरगं पंखा पुसून येईल अन् कंगोरे तसेच राहतील.

जालनेकर: कंगोरा बुलेटच्या सिलिंडरला शोभतो, ओतीव आणि जाडसर. एसीच्या कॉइलवर कागदासारख्या ॲल्युमिनियमच्या फिना असतात, त्यांना कुणी कंगोरा म्हणणार नाही. मेकॅनिक सरळ "जाळी धुवून घ्या" म्हणतो. त्या इतक्या पातळ आणि दाट का, हेही लिहा: फिनच्या टोकापर्यंत उष्णता कमी कमी होत जाते, त्यामुळे ठरावीक लांबीपुढे नुसती धातूची नासाडी. एक लांब काढण्यापेक्षा आखूड पुष्कळ बऱ्या.
(आणि अनेकवचन 'फिना'च. आमच्या शॉपमध्ये एकजण 'फिन्या' म्हणतो, त्याचं ऐकू नका.)

वाळूजकर: परपट्टी खोडली. आता ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला असतात त्या, आतून तेल फिरतं त्या पोकळ फिना. तुमच्याकडचे लाइनमन त्यांना काय म्हणतात?