मर्जला मराठीत काय म्हणता? विलीनीकरण पटत नाहीये

पवईला ऑफिसात नवीन पोरांना पपेटचं (सर्व्हर आपोआप सेटअप करणारं टूल) हायरा, म्हणजे थराथरांच्या फायलींतून सेटिंग शोधायची त्याची सोय, शिकवतेय, सगळं मराठीतच चालतं पण हायरार्की (फायलींचा वर-खाली क्रम) आणि मर्ज (अनेक फायलींतली एकाच नावाची माहिती एकत्र करणं) या दोन शब्दांपाशी गाडी अडते. कोशात पदानुक्रम आहे, पण त्याने साहेब-शिपाई डोळ्यासमोर येतात आणि इथे तर नुसत्या फायली, वर एकेका मशीनची, मधे ऑपरेटिंग सिस्टिमची, तळाला कॉमन. मर्जला विलीनीकरण म्हटलं की बँका आठवतात. तुम्ही काय वापरता?

प्रतिसाद १ :
ताई, उतरंड म्हणा ना! धारावीच्या कुंभारवाड्यात बघा, मोठं मडकं खाली, त्यावर लहान, टोकाला अगदी छोटं. हायरातही कॉमन भरलेली आणि मशीनची फाईल चार ओळींची. शोधही टोकापासूनच, मर्ज सांगितलं नाही तर डिफॉल्ट फर्स्ट असतं म्हणजे वरच्या मडक्यात मिळालं की खालच्यांना हात लावायचा नाही.
विलीनीकरण मात्र नकोच. विलीन म्हणजे विरघळलेलं, संस्थान विलीन झालं की वेगळं उरत नाही. इथे फायली जागच्या जागी राहतात, उत्तर तेवढं एकत्र होऊन येतं.

मूळ लेखिका :
उतरंड एकदम पटली, उद्याच वापरते. मर्जला एकच शब्द पुरेल असं वाटत नाही, कारण हॅश (फक्त वरच्या पातळीच्या नोंदी जोडणारं मर्ज) आणि डीप (नोंदींच्या आतलंही जोडणारं) यातल्या फरकाने मला एकदा रडवलंय. आधीच्या नोकरीत डीप हवं तिथे हॅश लावलेलं, आणि मशीनच्या फायलीत मी डिप्लॉय नावाच्या युजरचा फक्त शेल (त्याच्या कमांड चालवणारा प्रोग्राम) लिहिला. बाकीचे युजर शाबूत, पण डिप्लॉयची कॉमनमधली एसएसएच की (दुरून लॉगिनची किल्ली) आणि ग्रुप दोन्ही गायब, नव्या मशीनवर लॉगिनच होईना, शेवटी पपेट लुकअप या शोधायच्या कमांडला एक्सप्लेन हा पर्याय लावला तेव्हा कुठल्या फायलीतून काय उचललं ते दिसलं. म्हणून हॅशला 'वरवर जोडणं' आणि डीपला 'आतपर्यंत सांधणं' म्हणावं का?

प्रतिसाद २ :
सांधणं छानच, हाड सांधतं तेव्हा दोन्ही तुकडे राहतात. फक्त डीपमध्ये आतल्या याद्याही एकत्र होतात आणि डुप्लिकेट गळतात, ते सांधणं नाही, युनिक या (डुप्लिकेट गाळून याद्या जोडणाऱ्या) मर्जसारखं गोळा करणं झालं. आणि खालच्या यादीतली नोंद नको असेल तर वरच्या फायलीत तिच्याआधी नॉकआउट प्रिफिक्स (वगळायची खूण) लावतो, त्याला आम्ही सरळ 'खोडणं' म्हणतो.