उत्तर : पत्त्यावरचं गाव नकाशात नाही, तर शोधायचं कुठं?

आजोबांच्या 1940 च्या सुमाराच्या पोस्टकार्डावरच्या पत्त्यातलं गाव आज सापडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आधी एक बघा, शिक्का उर्दूत आहे का? मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, आणि त्या राज्याचं टपालखातं वेगळं होतं. 1869 पासून स्वतःची तिकिटं, 1950 मध्ये भारतीय टपालात विलीन. शिक्क्यावर पोस्टाचं नाव असतं, तुमच्या गावाचं नव्हे. म्हणून पत्त्यातलं 'पोस्ट' आणि 'तालुका' जास्त कामाचं, आणि तीच नावं बदललेली! मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई, हे ठाऊक नसलं तर माणूस भलतीकडंच शोधत बसतो.

तारखेचंही तसंच. जुन्या दप्तरात फसली सन (निजामाच्या राज्यातली महसुली कालगणना) भेटला तर इसवी सनासाठी ढोबळमानानं 590 मिळवा. 1357 फसली म्हणजे 1947-48, पोलीस ॲक्शनचं, म्हणजे भारतीय सैन्यानं निजामाचं राज्य ताब्यात घेतलं ते वर्ष.

पोस्ट कळलं की तालुक्याच्या जुन्या जनगणना पुस्तिका चाळा. क्षेत्रफळ आहे, लोकसंख्या कोरी, असं गाव दिसलं तर ते 'बेचिराग', म्हणजे ओस पडलेलं, असू शकतं. माणसं शेजारच्या गावात गेलेली, शिवार मात्र जुन्याच नावानं सातबारावर. तलाठ्याकडं विचारायला लाजू नका. गाव पैठण, गंगापूरकडचं असेल तर जायकवाडी धरणाच्या पाण्याखाली गेलं का तेही बघा, मग पुनर्वसनाच्या याद्या हाच रस्ता. नुसत्या पिनकोडवरून काही हाती लागणार नाही, तो 1972 मध्ये आला.

शिक्क्याचा स्पष्ट फोटो टाका, उर्दू वाचणारं कुणीतरी इथं असेलच.