अनुभव: अमेरिकेतील कॉलेजचे खेळाडू आणि खेळण्याचा मोबदला

मोगरा

गेल्या आठवड्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले. एका शाळेत (अमेरिकन) फुटबॉल प्रशिक्षकाच्या जागेसाठी तो अर्ज करतो आहे आणि त्याला माझे शिफारसपत्र हवे आहे. शेवटी त्याने एवढेच लिहिले होते, की कॉलेजच्या खेळाडूंना पूर्वी न मिळालेल्या मोबदल्यापोटी न्यायालयाने मंजूर केलेली भरपाई 15 जून 2016 पासून खेळलेल्यांसाठी आहे आणि त्याचा शेवटचा सामना 2011 मधला, त्यामुळे तो त्यात बसत नाही. त्या वाक्यात तक्रार नव्हती, पण त्या रात्री मला झोप आली नाही.

मी 2009 ते 2012 या काळात मिडवेस्टमधल्या एका मोठ्या विद्यापीठात पीएचडी करत होते आणि संध्याकाळी क्रीडा विभागाच्या अभ्यासकेंद्रात खेळाडूंना संख्याशास्त्र शिकवत असे. मला तासाप्रमाणे पैसे मिळत. पहिल्याच दिवशी आम्हाला बजावण्यात आले होते, की खेळाडूला गाडीतून सोडायचे नाही, कॉफी पाजायची नाही, खाऊ द्यायचा नाही. कारण इतर विद्यार्थ्यांना मिळत नाही असा कोणताही लाभ त्याने घेतला, तर कॉलेजच्या खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या नियमांनुसार त्याची खेळण्याची पात्रता जाऊ शकते. पत्र लिहिणारा हा मुलगा तेव्हा सराव आटोपून थेट माझ्याकडे येई, तोपर्यंत भोजनगृह बंद झालेले असे आणि दुसऱ्या उदाहरणापाशी त्याचे लक्ष उडे. ते लक्ष भुकेने उडते आहे, हे कळायला मला दोन महिने लागले. त्या दिवाळीत मी बेसनाचे लाडू केले होते. त्याला एकट्याला ते देणे नियमात बसत नव्हते, म्हणून मी माझ्या दिवसाच्या वर्गातल्या सगळ्याच विद्यार्थ्यांना लाडू वाटले. त्या वर्गात तोही होता. त्याने दोन खाल्ले आणि एक रुमालात बांधून नेला.

शनिवारी साठ हजार लोक त्याचा खेळ पाहायला येत आणि विद्यापीठाच्या दुकानात त्याच्या क्रमांकाची जर्सी विकली जाई. त्याची आई मात्र गाडीभाडे परवडत नसल्यामुळे तीन वर्षांत एकदाच सामना पाहू शकली. पुढे त्याचा गुडघा गेला. त्याची शिष्यवृत्ती दरवर्षी नव्याने मंजूर होणारी होती आणि पुढच्या वर्षी ती मंजूर झाली नाही. शेवटचे वर्ष त्याने कर्ज काढून पूर्ण केले.

आपल्यापैकी अनेकांची मुले आता इथे खेळतात, काही जण स्वतः खेळले आहेत. कॉलेजच्या खेळाडूला खेळण्याचे पैसे मिळावेत का, याविषयी आपण जे जवळून पाहिले असेल ते कृपया लिहावे.

पूर्वेचा_वारा

लाडवांचा प्रसंग वाचून डोळे भरून आले. ही उपासमार एकट्या त्या मुलाची नव्हती. 2014 मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू शबाझ नेपिअर याने, आपण कित्येक रात्री उपाशी झोपतो, असे पत्रकारांना उघडपणे सांगितले होते आणि त्याच महिन्यात खेळाडूंच्या जेवणावरची मर्यादा काढून टाकण्यात आली.

मी वसतिगृहात राहत असताना आम्ही कॉलेज बास्केटबॉलचा व्हिडिओ गेम खेळत असू. त्यातल्या खेळाडूंना नावे नसत, पण उंची, जर्सीचा क्रमांक आणि डावखुरेपणादेखील खऱ्या खेळाडूंचाच असे. यूसीएलए या विद्यापीठाच्या 1995 च्या राष्ट्रीय विजेत्या बास्केटबॉल संघातील एड ओबॅनन यांनी अशाच एका गेममध्ये स्वतःला पाहिले आणि 2009 मध्ये खटला भरला. पुढे कॉलेज फुटबॉलचा गेम बंद पडला आणि 2024 मध्ये परत आला, तेव्हा त्यात नाव व चेहरा देणाऱ्या प्रत्येक खेळाडूला 600 डॉलर आणि गेमची एक प्रत देण्यात आली. ही रक्कम फार मोठी नाही, परंतु आपला चेहरा आपल्या मालकीचा आहे हे मान्य झाल्याचे मला मोठे वाटले.

जलपरीची_आई

माझी मुलगी डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या विभागात, पोहते, त्यामुळे हे सगळे आमच्या घरात रोजच चालू असते. फुटबॉलच्या खेळाडूंना पैसे मिळू नयेत, असे मी कधीही म्हणणार नाही. मात्र जून 2025 मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडू आणि एनसीएए यांच्यातील खटल्यातल्या ज्या तडजोडीला मान्यता दिली (मोगराताईंनी लिहिलेली भरपाई तीतलीच), तिचा आमच्या पोरींवर काय परिणाम झाला तेही नोंदवले गेले पाहिजे. त्या तडजोडीनुसार विद्यापीठे पहिल्या वर्षी सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना थेट देऊ शकतात. ज्या खेळांतून उत्पन्न येते, म्हणजे फुटबॉल आणि पुरुषांचे बास्केटबॉल, त्यांच्याकडेच त्यातला बहुतांश वाटा जातो. त्याच वेळी शिष्यवृत्त्यांची संख्या ठरवणारी जुनी मर्यादा गेली आणि त्याऐवजी संघात किती जण असावेत याची मर्यादा आली.

माझ्या मुलीची मैत्रीण शिष्यवृत्तीशिवाय, केवळ आवडीने संघात होती. पहाटे पाचला पाण्यात उतरण्यात तिचा एकही दिवस चुकला नाही. तिला एका दुपारी बोलावून, संघात जागा उरली नाही, असे सांगण्यात आले. नंतर अशा काही खेळाडूंसाठी सवलत देण्यात आली, पण तोपर्यंत तिने दुसरीकडे प्रवेश घेतला होता. तिचा पोहण्याचा चष्मा अजून आमच्या बाथरूममध्ये टांगलेला आहे, कारण तो काढून ठेवायला माझी मुलगी तयार नाही.

मुलींना विद्यापीठात खेळायला जागा मिळाली ती शिक्षणात स्त्री-पुरुष भेदभावाला मनाई करणाऱ्या 1972 च्या ‘टायटल नाईन’ कायद्यामुळे. हे नवे पैसे वाटताना तो कायदा लागू होतो की नाही, यावर अजून वाद चालू आहे. मोबदला द्यावा हे मला मान्य आहे, परंतु तो पोहण्याच्या तलावाची किंमत मोजून दिला जाऊ नये.

मोगरा

जलपरीची आई, त्या मुलीसाठी मनापासून वाईट वाटले. ती आता कुठल्या संघात पोहते आहे का?

जलपरीची_आई

नाही, तिने पोहणे सोडले. ती आता लहान मुलांना शिकवते.

टेनिस_पुणे_टेक्सस

मी पुण्याहून टेनिसच्या शिष्यवृत्तीवर इथे आलो आणि चार वर्षे खेळलो. 1 जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःचे नाव आणि छबी वापरू देऊन पैसे घेण्याची परवानगी मिळाली, तेव्हा मी दुसऱ्या वर्षात होतो. माझ्या खोलीतल्या अमेरिकन मित्राला गावातल्या एका उपाहारगृहाने महिन्याला ठरावीक रक्कम देऊ केली. आमच्या दोघांचा फोटो त्यांना हवा होता. मी नकार दिला, कारण मी एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर होतो आणि त्या व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला 20 तासांपर्यंतचे काम सोडले तर बाहेरच्या कमाईला जवळजवळ वावच नसतो. व्हिसाची अट मोडली तर शिक्षणच संपले असते, म्हणून शेवटी त्याने एकट्याने फोटो काढला आणि मला न सांगता त्या उपाहारगृहात माझ्या जेवणाचे पैसे भरून ठेवले. तो माणूस मला जन्मभर विसरता येणार नाही.

केंटकी विद्यापीठाकडून खेळणारा ऑस्कर शिब्वे हा काँगोचा बास्केटबॉलपटू. 2022 मध्ये संघ बहामाच्या दौऱ्यावर असताना त्याने तिथे जाहिरातींचे काम करून घेतले, कारण अमेरिकेच्या भूमीवर ते करणे धोक्याचे होते. असा दौरा टेनिसवाल्यांच्या वाट्याला सहसा येत नाही. आमच्या संघात आठपैकी सहा जण परदेशी होते, म्हणजे नवा नियम आला तेव्हा संघातल्या दोघांनाच त्याचा उपयोग झाला. भारतातून मुलांना इकडे पाठवणाऱ्या पालकांनी हे आधीच समजून घ्यावे, एवढ्यासाठीच मी लिहीत आहे. एजंट मंडळी ही गोष्ट सांगत नाहीत.

गणितमास्तर

मी थोडे वेगळे लिहितो आणि त्याबद्दल कुणी राग मानू नये. मी एका लहान डिव्हिजन थ्री कॉलेजात शिकवतो. या विभागात खेळाची शिष्यवृत्ती दिली जात नाही. माझ्या आठच्या तासाला ओल्या केसांनी येणारी मुले कसलीही आर्थिक अपेक्षा न ठेवता खेळतात आणि ती मला अतिशय प्रिय आहेत. दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या मूठभर विद्यापीठांचा विचार करून आपण बोलतो, पण अनेक ठिकाणी क्रीडा विभागाचा खर्च त्याच्या उत्पन्नापेक्षा जास्त असतो आणि ती तूट सर्व विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भरली जाते. जे विद्यार्थी स्वतः कर्ज काढून शिकतात, त्यांच्याच शुल्कातून खेळाडूंना पगार द्यायचा का, हा प्रश्न मला सतावतो.

मात्र मोगराताईंच्या विद्यार्थ्यावर जे ओढवले, त्याचे समर्थन मी करूच शकत नाही. दुखापतीनंतर शिष्यवृत्ती काढून घेणे ही गोष्ट कुठल्याही हिशोबात बसत नाही.

रानजाई

गणितमास्तर, आपल्या मुलांना मोबदल्याची अपेक्षा नाही हे खरे, पण त्यांच्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्कही कुणी विकत नाही. पुरुषांच्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणासाठी 2010 मध्ये 14 वर्षांचा 10.8 अब्ज डॉलरचा करार झाला होता. एवढा पैसा फिरत असताना खेळणाऱ्यालाच हौशी म्हणावे, हे मला पटत नाही.

माझा मुलगा आणि त्याचा वसतिगृहातला सोबती यांचे उदाहरण देते. मुलगा ग्रंथालयात पुस्तके लावून ठेवत असे आणि त्याला तासाचे पैसे मिळत. सोबती बास्केटबॉलच्या संघात होता आणि मुलापेक्षा कितीतरी अधिक तास राबत होता. नियमाप्रमाणे हंगामात आठवड्याला 20 तासच सराव मोजता येतो, पण प्रवास, मालिश आणि ‘ऐच्छिक’ व्यायाम त्यात धरला जात नाही. तो ऐच्छिक व्यायाम चुकवण्याची कुणाची हिंमत नव्हती. मार्च 2024 मध्ये डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉल खेळाडूंनी 13 विरुद्ध 2 मतांनी कामगार संघटना करण्याचा कौल दिला, तेव्हा आम्ही मायलेक फोनवर तासभर बोललो. वर्षअखेर त्यांनी अर्ज मागे घेतला, याचे मुलाला फार वाईट वाटले.

सांगलीचा_कबड्डीपटू

आमच्याकडे विद्यापीठ संघात निवड झाली की ट्रॅकसूट, प्रवासखर्च आणि भोजनभत्ता मिळत असे. आमचे सामने पाहायला कुणी तिकीट काढत नव्हते, त्यामुळे कुणी आमच्या जिवावर पैसे मिळवतो आहे असे वाटण्याचा प्रश्न नव्हता. खेळाचा मोबदला म्हणजे पुढे रेल्वे किंवा पोलीस दलात खेळाडूंच्या कोट्यातून लागणारी नोकरी, हेच आमच्या डोळ्यांपुढे असे. माझी नोकरी तशीच लागली आणि त्यावर घर उभे राहिले. ताई, आपल्या विद्यार्थ्याच्या गुडघ्याच्या उपचारांचा खर्च कुणी केला?

मोगरा

पहिल्या शस्त्रक्रियेचा खर्च विद्यापीठाने केला. दुसरी शिक्षण संपल्यावर करावी लागली, ती त्याने स्वतःच्या पैशांनी केली. आता ऑगस्ट 2024 पासून एनसीएएने कॉलेजच्या खेळातील दुखापतींसाठी, खेळणे संपल्यानंतरही दोन वर्षे विमा सुरू केला आहे.

आपल्या प्रश्नामुळे एक जुनी हकिकत आठवली. 1955 मध्ये कोलोरॅडोतील फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन हा खेळाडू फुटबॉल सामन्यातील दुखापतीने मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून भरपाई मागितली आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये ती नाकारली. खेळाडू नोकर ठरू नयेत म्हणूनच ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द त्या काळात रूढ करण्यात आला, असे एनसीएएचे तत्कालीन प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. मी तीन वर्षे तो शब्द रोज हजेरीपत्रकावर लिहीत होते आणि त्याचा जन्म कशातून झाला हे मला ठाऊक नव्हते.

शिफारसपत्र आज सकाळी पाठवले. त्याच्या अर्जात पूर्वीच्या कामाच्या अनुभवाचा रकाना आहे आणि त्यात त्याने कॉलेजातली वर्षे कोरी सोडली होती. मी फोन केला, तेव्हा तो म्हणाला, “ते काम नव्हते ना, मॅडम.” म्हणून मी माझ्या पत्रात लिहिले, की या उमेदवाराने विद्यापीठासाठी तीन हंगाम, आठवड्याला चाळीस तासांहून अधिक काळ काम केले, ते मी स्वतः पाहिले आहे, आणि ते त्याचा अनुभव म्हणून गणले जावे.