मदत हवी आहे: श्वास, देऊळ, कोर्ट, कासव यांतला सर्वांत मोठा कोणता?

वाचनवेडी: रविवारी एकच चित्रपट दाखवायचाय, तोही राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरलेला मराठी. २००० नंतरचे हे चार. समितीत नुसता वाद चाललाय. उद्या संध्याकाळपर्यंत नाव कळवायचंय, त्यामुळे कृपया यादी वाढवू नका, एक नाव सांगा.

फिल्मफितूर: कोर्ट. २०१४ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातही गाजला, तिथे पदार्पणाचाही पुरस्कार मिळाला. गटारात उतरलेल्या कामगाराच्या मृत्यूला शाहिराचं गाणं जबाबदार धरतात आणि खटला तारखेवर तारीख घेत रेंगाळतो. त्या तोडीचं दुसरं काही नाही.

मिरजकर: प्रेक्षक कोण, ते सांगा की. त्याशिवाय काय सुचवणार?

वैदेही_प: सैराट का नाही? आमच्या गावात लावला तेव्हा उभं राहायला जागा नव्हती.

फिल्मफितूर: वैदेहीताई, सैराट सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला नव्हता. रिंकू राजगुरूचा विशेष उल्लेख झाला होता. धागा भलतीकडे नेऊ नका.

वाचनवेडी: वाचनालयाचे सभासद आहेत. बरेचसे साठीच्या पुढचे, काहीजण नातवंडांना आणतात.

मिरजकर: अहो, मग हे आधी सांगायचं ना! श्वास लावा. १९५४ साली पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत श्यामची आई सर्वोत्कृष्ट ठरला, त्यानंतर मराठीला हा मान थेट श्वासनं मिळवून दिला. शस्त्रक्रियेत नातवाची दृष्टी जाणार, म्हणून आजोबा त्याला कुणाला न सांगता रुग्णालयातून बाहेर नेतात, जग दाखवायला. अरुण नलावडेंचा चेहरा बघाच.

समुद्रकाठ: नातवंडं कॉलेजातली असतील तर कासव. नैराश्यानं खचलेल्या मुलाला जानकी आसरा देते, आणि उपदेशाचा एक डोस पाजत नाही. घरोघरी बघायला हवा.

ध्वनीवाला: कोणताही लावा, पण दिवसा असेल तर खिडक्यांना काळं कापड हवंच. स्पीकर पडद्याच्या बाजूला ठेवा, मागे नको. निर्मात्यांची लेखी परवानगी काढलीत का?

वाचनवेडी: स्पीकरचं विचारलं नव्हतं, परवानगीचं बघते. मुलं आठ-दहा वर्षांची आहेत. श्वास त्यांना झेपेल?

मिरजकर: झेपेल. त्यातला नातू, परशुराम, जवळपास त्यांच्याच वयाचा. अश्विन चितळेला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो उगाच नाही. आधी गोष्ट सांगून ठेवा, म्हणजे घाबरणार नाहीत.

समुद्रकाठ: मला नाही पटत. डोळे जाणार हे कळल्यावर माझी भाची रात्रभर झोपली नव्हती. आईवडिलांना विचारून घ्या.

फिल्मफितूर: विचारलं होतं मोठा कोणता, सोयीचा कोणता नव्हे. कोर्ट पुढच्या महिन्यात मोठ्यांसाठी ठेवा. शेवटाकडे न्यायालय रिकामं होतं, दिवे मालवतात, पडदा काळा होतो आणि लोक चपला शोधायला लागतात. पुढे अजून चित्रपट आहे, हे आधीच सांगून ठेवा.

वाचनवेडी: ठीक, रविवारी श्वास. पालकांना आज फोन करते.

वैदेही_प: आणि देऊळबद्दल कुणीच कसं बोललं नाही? गिरीश कुलकर्णींना अभिनयाचाही राष्ट्रीय पुरस्कार होता त्यात.