शब्दचर्चा: सीएसएसमधल्या 'क्लिअर'ला मराठीत काय म्हणायचं?

मंडळी, नवशिक्यांसाठी सीएसएसच्या (वेबपानाचं रूप आणि मांडणी ठरवणारी भाषा) नोट्स मराठीत लिहितोय. फ्लोटला (चित्रासारखी वस्तू कडेला सरकवून मजकूर तिच्या बाजूने वाहू देणं) 'तरंगणे' आणि क्लिअरला 'साफ करणे' लिहून मोकळा झालो, तर एकाने विचारलं की मी क्लिअर: बोथ (दोन्ही बाजू) टाकलं म्हणजे वरचा फ्लोट साफ व्हायला हवा ना, मग लेखाच्या मधोमध एवढं भगदाड कुठून आलं? गोची झाली माझी. दुसरे शब्द सुचवा.

— 'साफ करणे' आधी काढा. क्लिअर कुणाला साफबिफ करत नाही, फ्लोट जिथल्या तिथे राहतो. ज्या डब्याला, म्हणजे पानावरच्या घटकाला, क्लिअर लावलंय तोच अडून बसतो की माझी बाजू मोकळी असेल तिथेच मी बसणार, आणि फ्लोट संपेपर्यंत खाली सरकतो. त्या मुलाने बहुतेक साइडबार फ्लोट केलाय आणि शेजारच्या लेखात मधेच क्लिअर: बोथ घातलंय, मग लांबलचक साइडबार संपेस्तोवर पुढचा मजकूर खाली जाणारच. लेखाच्या डब्याला डिस्प्ले: फ्लो-रूट द्यायला सांगा, आतलं क्लिअर बाहेरच्या फ्लोटकडे बघणार नाही.

— 'तरंगणे' पण नको. तरंगणारी वस्तू वर येते, ही कडेला जाऊन चिकटते आणि मजकूर तिला वळसा घालतो. सरळ 'कडेला लावणे' म्हणा, गाडी कडेला लावतो तसं.

— एका बाबतीत तरंगणं बरोबर आहे हां, बाहेरचा डबा तिची उंची धरतच नाही. आत नुसते फ्लोट असले की तो शून्य उंचीचा होऊन 'बसतो', भिंत बसते तसा. त्यालाही फ्लो-रूटच औषध.

— आणि 'अडकणे' राहिलं! ओळीत तीन-तीन फोटो फ्लोट: लेफ्ट केलेत, पहिला बाकीच्यांपेक्षा 20 पिक्सेल उंच. चौथा डावीकडे जायला निघतो, पहिल्याच्या खालच्या कोपऱ्याला अडकतो आणि दुसऱ्या फोटोखालीच थांबतो, डावीकडे रिकामी जागा. चौथ्याला, सातव्याला, दहाव्याला क्लिअर: लेफ्ट द्या, किंवा ग्रिड (सीएसएसमधली आडव्या-उभ्या रांगांची मांडणी) वापरा. 1996 च्या पहिल्या सीएसएसमधलं हे फ्लोट मुळात चित्राभोवती मजकूर वळवायला होतं, अख्खी पानं त्यावर रचायची हौस नंतरची.

— भगदाड आणि फट यात गल्लत नको. चित्राखाली चार-पाच पिक्सेलची फट दिसली तर फ्लोटला दोष देऊ नका, चित्र अक्षरासारखं बेसलाइनवर (अक्षरं टेकतात त्या रेषेवर) बसतं आणि खाली उकारांसाठी जागा उरते. चित्राला डिस्प्ले: ब्लॉक दिलं की फट गेली.

— छान! फ्लोट फ्लोटच ठेवतो, क्लिअर म्हणजे 'बाजू मोकळी मागणे'. पण मग क्लिअरवाल्या डब्याला मार्जिन-टॉप (वरची मोकळी जागा) 30 पिक्सेल दिलं तरी वरचं अंतर का वाढत नाही?

— कारण त्याची कड फ्लोटच्या तळाला टेकवायला जेवढं खाली ढकलावं लागतं, त्यातच तुमचे 30 जिरतात. फ्लोटला मार्जिन-बॉटम द्या.